जड मेझॉनचे रेडिएटिव्ह डिके: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सीची मुलं, नुकते पीएचडीला लागलेले, आणि बातमीत 'पेंग्विन' वाचून कुतूहल वाटलेले वाचक, सगळ्यांकडून साधारण तेच प्रश्न येत राहतात. म्हणून सगळी उत्तरं इथं एका जागी लिहून ठेवतोय. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, शेवटचे किचकट. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून मध्ये मध्ये 'अमुक प्रश्न बघा' असं लिहिलंय. चिन्हं टाळून नावं आपण बोलतो तशीच लिहिली आहेत, म्हणजे बी, के-स्टार, पाय झीरो वगैरे.

१. रेडिएटिव्ह डिके म्हणजे नक्की काय? रेडिओॲक्टिव्हिटीचाच प्रकार का हा?

नाही, तो विषय वेगळा. रेडिओॲक्टिव्हिटीत अणूचं केंद्रक बदलतं. इथं एखादा मेझॉन, म्हणजे क्वार्क आणि अँटीक्वार्कची जोडी, तुटतो आणि बाहेर पडणाऱ्या कणांमध्ये एक खराखुरा फोटॉन (प्रकाशाचा कण) असतो. हा फोटॉन मूळ प्रक्रियेतच जन्मलेला असावा लागतो, मागाहून कुठून तरी आलेला चालत नाही (हा फरक वाटतो तेवढा सोपा नाहीये, प्रश्न १८ बघा). सगळ्यात गाजलेलं उदाहरण बी टू के-स्टार गॅमा, त्यात बी मेझॉन तुटून के-स्टार मेझॉन आणि एक फोटॉन मिळतो.

२. 'जड' मेझॉन कोणाला म्हणायचं?

ज्यात चार्म किंवा बॉटम या जड प्रकारचा क्वार्क आहे त्याला. डी मध्ये चार्म असतो, बी मध्ये बॉटम. डी मेझॉनचं वस्तुमान साधारण १.८७ जीईव्ही (कणांचं वस्तुमान आणि एनर्जी मोजायचं एकक, एमईव्ही त्याचा हजारावा भाग), बी चं ५.२८ जीईव्ही, आणि प्रोटॉनचं ०.९४, म्हणजे बी हा प्रोटॉनच्या साडेपाच पट जड. टॉप क्वार्कचा मेझॉन बनतच नाही, तो इतक्या पटकन तुटतो की जोडी जमायला वेळच मिळत नाही.

३. मग सगळा भर बी मेझॉनवरच का?

कारण बॉटम क्वार्कला थेट स्ट्रेंज क्वार्क होता येत नाही. दोघांचा विद्युतभार सारखाच, उणे एक तृतीयांश, आणि स्टँडर्ड मॉडेलमध्ये (मूलभूत कणांच्या आजच्या मान्य सिद्धांतात) भार न बदलता क्वार्कचा प्रकार बदलायला सरळ रस्ता नाही. त्यामुळे त्याला वळसा घ्यावा लागतो: बॉटम आधी डब्ल्यू बोसॉन (कमकुवत बल वाहणारा कण) सोडून टॉप बनतो, मग टॉप तोच डब्ल्यू परत घेऊन स्ट्रेंज बनतो, आणि या चक्करमध्ये कुठेतरी फोटॉन सुटतो. या आकृतीला पेंग्विन डायग्राम म्हणतात. वळसा असल्यामुळे प्रक्रिया मुळातच दुर्मिळ, आणि म्हणूनच कामाची, कारण त्या चक्करमध्ये टॉप आणि डब्ल्यूच्या जागी आपल्याला माहीत नसलेला एखादा जड कणही फिरू शकतो, आणि फिरला तर दर बदलेल किंवा फोटॉनचा स्वभाव बदलेल.

१९८७ साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'च्या एकाच अंकात दोन गटांनी दाखवलं की ग्लुऑनच्या (क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या कणाच्या) दुरुस्त्या धरल्या तर हा दर बराच वाढतो. त्यातल्या एका गटात ओरेगॉन विद्यापीठातले एन. जी. देशपांडे होते. आज टॉपचं जे वस्तुमान माहीत आहे त्याला ही वाढ दोन-तीन पट येते. ही वाढ नसती तर नव्वदच्या दशकातल्या यंत्रांना हा डिके सापडणं फार अवघड गेलं असतं.

४. टॉप क्वार्क १७३ जीईव्हीचा आणि बी ५ जीईव्हीचा. एवढा जड कण त्यातून निघतोच कसा?

निघत नाही. तो फक्त मधल्या टप्प्यावर व्हर्च्युअल रूपात असतो, डिटेक्टरपर्यंत कधीच पोचत नाही. क्वांटम सिद्धांतात मधल्या टप्प्यावरच्या कणाने आपलं नेहमीचं वस्तुमान पाळायची सक्ती नसते, फक्त जितका तो जड तितका त्याचा वाटा सहसा कमी होतो. टॉपच्या बाबतीत गंमत अशी की त्याचं कपलिंगच (बाकी कणांशी जोडणीची ताकद) इतकं मोठं आहे की त्याचा वाटा कमी व्हायच्या ऐवजी तोच वरचढ ठरतो. हाच मुद्दा नव्या कणांना लागू होतो: एलएचसीमध्ये (सर्नच्या मोठ्या प्रोटॉन कोलायडरमध्ये) थेट न बनलेला कणही इथं आपला ठसा उमटवू शकतो.

५. प्रत्येक ठिकाणी के-स्टारच का? साधा के आणि फोटॉन का नाही?

कोनीय संवेग जमत नाही. बी चं स्पिन (कणाचा स्वतःचा कोनीय संवेग) शून्य, के चं, म्हणजे स्ट्रेंज क्वार्क असलेल्या सगळ्यात हलक्या मेझॉनचं, पण शून्य. खऱ्या फोटॉनचं स्पिन त्याच्या जाण्याच्या दिशेवर फक्त अधिक एक किंवा उणे एक असतं, शून्य नसतंच. बी स्थिर धरा, के आणि फोटॉन पाठीला पाठ लावून सुटले, तर त्या रेषेवर एकूण एक युनिट येणार आणि सुरुवातीला होतं शून्य. त्यामुळे ही प्रक्रिया पूर्णच बंद. के-स्टारचं स्पिन एक असल्यामुळे तो हिशेब बरोबर करतो, पण त्यासाठी त्याला फोटॉनच्या जोडीची हेलिसिटी (जाण्याच्या दिशेवरचं स्पिन) घ्यावी लागते, म्हणजे तो ट्रान्सव्हर्स पोलराइज्ड असतो, लाँगिट्यूडिनल (त्या दिशेवर स्पिन शून्य) नसतो. हे लक्षात ठेवा, प्रश्न ९ मध्ये कामाला येईल. के-स्टारशिवाय के-वन आणि के-टू सारखे त्याहून जड भाऊबंदही येतात, फक्त स्पिन शून्यवाले येत नाहीत.

६. हा डिके किती दुर्मिळ आहे आणि प्रत्यक्षात हाती किती घटना लागतात?

बी झीरो टू के-स्टार गॅमाचा ब्रांचिंग फ्रॅक्शन (एकूण डिकेंपैकी या प्रकारचे किती) लाखात सुमारे ४. हिशेब करून बघू. जपानमधल्या बेल प्रयोगाने ७७ कोटी २० लाख बी-अँटीबी जोड्या गोळा केल्या. त्यातल्या साधारण निम्म्या न्यूट्रल, आणि प्रत्येक जोडीत दोन, म्हणजे ७५ कोटींच्या आसपास न्यूट्रल बी. लाखात ४ ने झाले ३० हजार. के-स्टार दोन तृतीयांश वेळा के प्लस-पाय मायनसमध्ये (पाय म्हणजे पायऑन, सगळ्यात हलका मेझॉन) तुटतो, उरले २० हजार. डिटेक्टर आणि सगळ्या कट्समधून (घटना निवडायच्या अटींमधून) समजा पाचातला एक वाचला, तर चार हजार. बारा वर्षांच्या आतबाहेर चाललेल्या प्रयोगातून चार हजार! आणि तरीही या क्षेत्रात हा भरपूर डेटा असलेला मोड (डिकेचा प्रकार) समजतात, रो गॅमा तर याच्या कितीतरी खाली (प्रश्न १५).

७. हे प्रयोग कुठं होतात? भारताचा, महाराष्ट्राचा काही संबंध आहे का?

पहिल्यांदा हा डिके पाहिला अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या क्लिओ प्रयोगाने, १९९३ साली, आणि घटना होत्या जेमतेम डझनभर. त्यावरून काढलेला आकडा लाखात साडेचार होता, म्हणजे आजच्या आकड्याच्या किती जवळ बघा. १९९५ साली त्यांनीच इन्क्लुझिव दर मोजला (प्रश्न १२). मग १९९९ पासून दोन बी फॅक्टऱ्या (बी मेझॉन घाऊक बनवणारी यंत्रं) आल्या, कॅलिफोर्नियात स्लॅक प्रयोगशाळेचा बाबार (२००८ पर्यंत) आणि जपानमध्ये त्सुकुबाला केईके प्रयोगशाळेचा बेल (२०१० पर्यंत). आता त्याच जागी बेल टू चालू आहे, ७ जीईव्हीचे इलेक्ट्रॉन आणि ४ जीईव्हीचे पॉझिट्रॉन धडकवून. एलएचसीवर एलएचसीबी प्रयोग आहे, त्याचं गणित वेगळं (प्रश्न १६).

आणि संबंध आहे, चांगला आहे. मुंबईत कुलाब्याची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) बेलपासून यात आहे, आणि बेल टूच्या सिलिकॉन व्हर्टेक्स डिटेक्टरचा (कण कुठं तुटला ते शोधणाऱ्या यंत्राचा) चौथ्या क्रमांकाचा थर त्यांच्या जबाबदारीवर बनला. भारतातून आयआयटी मद्रास, आयआयटी गुवाहाटी, आयसर मोहाली, पंजाब विद्यापीठ असे बरेच गट आहेत. तो चौथा थर रेडिएटिव्ह डिकेसाठी का महत्त्वाचा, हे प्रश्न १४ मध्ये आलंय.

८. फोटॉनला भार नाही, तो ट्रॅक सोडत नाही. मग दिसतो कसा?

कॅलोरीमीटरमध्ये, म्हणजे कण शोषून त्याची एनर्जी मोजणाऱ्या उपकरणात. बेलमध्ये थॅलियम मिसळलेल्या सिझियम आयोडाइडचे ८,७३६ क्रिस्टल आहेत, प्रत्येक ३० सेंटिमीटर लांब, आणि हेच क्रिस्टल बेल टूनेही ठेवले, मागचं इलेक्ट्रॉनिक्स बदललं. फोटॉन आत शिरला की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचा शॉवर होतो, क्रिस्टल चमकतो, आणि त्या प्रकाशावरून एनर्जी कळते. ट्रॅक जवळ नसला आणि शॉवर गोल, आटोपशीर असला तर तो फोटॉन धरायचा. आटोपशीर म्हणजे काय ते मोजायला एक साधी युक्ती आहे: सगळ्यात तेजस्वी क्रिस्टलभोवतीच्या तीन बाय तीनमधली एनर्जी भागिले पाच बाय पाचमधली. खऱ्या फोटॉनला हे उत्तर एकाच्या अगदी जवळ येतं. अँटीन्यूट्रॉन किंवा के-लाँग (दीर्घायुषी न्यूट्रल के) आत आदळला तर शॉवर विखुरतो आणि उत्तर खाली जातं.

बी च्या विश्रांती चौकटीत (जिथून बी स्थिर दिसतो) के-स्टार गॅमाच्या फोटॉनची एनर्जी ठरलेली, २.५६ जीईव्ही. इतका तगडा फोटॉन साध्या बी डिकेमधून फारसा येत नाही, आणि हेच या मोडचं मोठं बळ.

९. मग अडचण कुठंय? मोठा फोटॉन दिसला की काम झालं ना?

इथंच सगळे फसतात. उत्तर एका शब्दात: पाय झीरो, म्हणजे भार नसलेला पायऑन. माझ्या मते रेडिएटिव्ह ॲनालिसिसमध्ये निम्मी मेहनत फोटॉन शोधण्यात जात नाही, हा फोटॉन पाय झीरोचा नाही हे सिद्ध करण्यात जाते, आणि नवीन विद्यार्थ्याने सगळ्यात आधी वेळ द्यावा तो यालाच.

पाय झीरो लगेच दोन फोटॉनमध्ये तुटतो. २.६ जीईव्हीचा पाय झीरो घ्या. त्याच्या दोन फोटॉनमधला कमीत कमी कोन साधारण ६ अंश, आणि बेलच्या कॅलोरीमीटरची आतली त्रिज्या सव्वा मीटर, म्हणजे दोन शॉवर १३ सेंटिमीटर लांब पडतात, तर क्रिस्टल साडेपाच सेंटिमीटरचा, सहज वेगळे दिसतात. म्हणजे एकत्र मिसळण्याचा प्रश्न इथं नाही. प्रश्न असमान वाटणीचा आहे. दोन फोटॉनमध्ये एनर्जी कशीही वाटली जाऊ शकते, सगळ्या वाटण्या सारख्याच शक्य, त्यामुळे शंभरातल्या चार वेळा एका फोटॉनला ५० एमईव्हीपेक्षा कमी मिळते आणि जवळजवळ सगळी एनर्जी दुसरा घेऊन जातो. तो छोटा फोटॉन बीमच्या कचऱ्यात हरवला किंवा कॅलोरीमीटरच्या फटीत गेला की दुसरा अगदी आपल्या सिग्नल फोटॉनसारखा दिसतो. शंभरात चार म्हणजे थोडे वाटतात, पण पाय झीरो किती बनतात ते पण बघा.

म्हणून व्हेटो (नाकारायची अट) लावतात. आपला मोठा फोटॉन त्या घटनेतल्या बाकी प्रत्येक फोटॉनबरोबर जोडून बघायचा, जोडीचं वस्तुमान १३५ एमईव्हीच्या जवळ आलं (किंवा ईटा मेझॉनसाठी ५४८ च्या) तर संशय. नुसता वस्तुमानाचा कट लावू नका, छोट्या फोटॉनची एनर्जी आणि कोन धरून लाइकलिहूड (पाय झीरो असण्याच्या शक्यतेचा आकडा) बनवा, कारण बेल टूमध्ये बीम बॅकग्राउंडमधले फालतू फोटॉन इतके असतात की खऱ्या सिग्नलची पण कुणाशी तरी १३५ ची जोडी योगायोगाने जमतेच.

आणखी एक हत्यार प्रश्न ५ मधलं: के-स्टार ट्रान्सव्हर्स असल्यामुळे के च्या हेलिसिटी कोनाचं (के-स्टारच्या दिशेशी होणाऱ्या कोनाचं) वितरण साइन-वर्ग येतं. के-स्टार पाय झीरोमध्ये पाय चं स्पिन शून्य, तिथं के-स्टार लाँगिट्यूडिनल, वितरण कोसाइन-वर्ग. नेमकं उलटं! हे बॅकग्राउंड वस्तुमानात सिग्नलच्या जवळच बसतं, पण कोनात लपू शकत नाही.

१०. कंटिन्युअम बॅकग्राउंड म्हणजे काय?

अप्सिलॉन फोर एस (बॉटम-अँटीबॉटमचा मेझॉन, बेलमधल्या बी जोड्या यातूनच येतात) याच्या एनर्जीला, १०.५८ जीईव्हीला, बी जोडी बनण्याचा क्रॉस सेक्शन (घटना घडण्याच्या शक्यतेचं माप) साधारण १.१ नॅनोबार्न, आणि हलक्या क्वार्कच्या आणि चार्मच्या जोड्या बनण्याचा मिळून ३.७. म्हणजे बी पेक्षा तिप्पट नको असलेल्या घटना, यालाच कंटिन्युअम बॅकग्राउंड म्हणतात. त्यांतले तगडे पाय झीरो आणि सुरुवातीच्या बीममधूनच सुटलेले फोटॉन आपल्याला त्रास देतात. वाचवतो तो आकार: बी जवळजवळ जागेवरच तुटतात म्हणून कण सगळीकडे पसरतात, हलक्या क्वार्कच्या घटना मात्र दोन टोकांच्या जेटसारख्या. फॉक्स-वोल्फ्राम मोमेंट्स (घटनेचा आकार सांगणारे आकडे) आणि तसली बाकी चलं एखाद्या बूस्टेड डिसिजन ट्रीला किंवा न्यूरल नेटवर्कला देतात. शिवाय या अप्सिलॉन रेझोनन्सच्या ६० एमईव्ही खाली थोडा डेटा मुद्दाम घेतात, तिथं बी बनतच नाही, सगळं कंटिन्युअमच.

११. एम-बीसी आणि डेल्टा-ई ही दोन चलं सारखी दिसतात. दोन्ही कशाला लागतात, आणि फोटॉनमुळे काय बिघडतं?

अप्सिलॉन फोर एस फक्त दोन बी मध्ये तुटतो, त्यामुळे प्रत्येक बी ची एनर्जी सेंटर ऑफ मासमध्ये बरोबर दोन्ही बीमच्या एकूण एनर्जीच्या निम्म्याएवढी, ५.२९ जीईव्ही, आणि ही आपल्याला यंत्रावरून फार अचूक माहीत असते. एम-बीसी म्हणजे हिशेबाने काढलेलं बी चं वस्तुमान, त्यात बी ची एनर्जी ही बीमवाली घालतात आणि मोमेंटम मोजलेला घालतात. डेल्टा-ई म्हणजे मोजलेली एनर्जी वजा बीमवाली. म्हणजे पहिल्यात मोमेंटम तपासला जातो, दुसऱ्यात एनर्जी.

फोटॉनमुळे बिघाड असा की कॅलोरीमीटरमध्ये शॉवरचा थोडा भाग मागून गळतो, त्यामुळे मोजलेली एनर्जी खऱ्याहून कमी येण्याकडे कल असतो, आणि डेल्टा-ईला खालच्या बाजूला लांब शेपूट लागतं. अडीच जीईव्हीला दोन टक्के चूक म्हणजे ५० एमईव्ही, ट्रॅकच्या अचूकतेपुढे फारच ढोबळ. मग युक्ती अशी करतात की एम-बीसी काढताना फोटॉनची फक्त दिशा वापरायची, आणि त्याच्या मोमेंटमचं माप बीम एनर्जी वजा के-स्टारची एनर्जी असं धरायचं. शेपूट एम-बीसीत उतरत नाही, दोन्ही चलांतलं नातं सैल होतं आणि फिट सुधरतो. पहिल्यांदा हे करून दोन्ही हिस्टोग्राम शेजारी ठेवून बघा, एम-बीसीचा उभार किती नीटस होतो ते डोळ्यांनी दिसतं.

१२. इन्क्लुझिव आणि एक्स्क्लुझिवमध्ये चांगलं कोणतं? आणि तो १.६ जीईव्हीचा आकडा सारखा का येतो?

मोजायला एक्स्क्लुझिव सोपं, समजायला इन्क्लुझिव सोपं. एक्स्क्लुझिव म्हणजे एक ठरावीक अंतिम अवस्था, जसं के-स्टार गॅमा. मोजमाप स्वच्छ, पण सिद्धांताला बी पासून के-स्टारपर्यंतचा फॉर्म फॅक्टर (मेझॉनच्या आतल्या रचनेचा परिणाम सांगणारा आकडा) लागतो आणि त्यातली अनिश्चितता मोठी, त्यामुळे नुसता दर आणखी अचूक मोजून फार काही हाती लागत नाही. इन्क्लुझिव म्हणजे स्ट्रेंज क्वार्क असलेली कुठलीही अवस्था अधिक फोटॉन. त्याचं गणित क्वार्कच्या पातळीवर होतं म्हणून सिद्धांत खूप अचूक, दहा हजारात ३.४०, अनिश्चितता ०.१७. जगभरच्या मोजमापांची सरासरी ३.४९, अनिश्चितता ०.१९. जुळलं.

१.६ हा फोटॉनच्या कमीत कमी एनर्जीचा ठरवून घेतलेला आकडा, दोन्ही बाजूंनी एकाच व्याख्येवर बोलावं म्हणून. इन्क्लुझिव स्पेक्ट्रमचा उभार २.३ जीईव्हीच्या आसपास, म्हणजे बॉटम क्वार्कच्या वस्तुमानाच्या निम्म्याजवळ, पण २ च्या खाली बॅकग्राउंड झपाट्याने वाढत जातो. प्रयोगवाल्यांना कट वर न्यावासा वाटतो, सिद्धांतवाल्यांना खाली हवा असतो, कारण वरचा कट लावला की बी च्या आतल्या क्वार्कच्या हालचालीचं मॉडेल लागतं. बेलने १.७ पर्यंत खाली जाऊन मोजलं होतं.

मोजायचे रस्ते तीन: बऱ्याच एक्स्क्लुझिव मोडची बेरीज, दुसऱ्या बी मधला लेप्टॉन (इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन) पकडून, किंवा दुसरा बी पूर्ण उभा करून. तिसरा सगळ्यात स्वच्छ पण त्यात घटना फार कमी वाचतात, म्हणून त्याला बेल टूचा भरपूर डेटा हवा.

१३. दर स्टँडर्ड मॉडेलशी जुळला. मग विषय संपला नाही का?

हा प्रश्न मला मनापासून खटकतो, कारण जुळणं हाच मोठा निकाल आहे. नव्या भौतिकीतलं दोन हिग्ज डब्लेटवालं (एकाऐवजी दोन हिग्ज क्षेत्रांचं) टाइप टू मॉडेल घ्या, त्यात भारित हिग्ज असतो आणि तो याच चक्करमध्ये फिरून दर वाढवतो. दर वाढलेला दिसत नाही, म्हणून तो कण साधारण ८०० जीईव्हीपेक्षा जडच असला पाहिजे, आणि ही मर्यादा टॅन बीटा (त्या मॉडेलमधला एक मोकळा आकडा) काहीही असला तरी लागू. टेबलावर मावणाऱ्या क्रिस्टलमध्ये अडीच जीईव्हीचे फोटॉन मोजून ८०० जीईव्हीच्या कणाला हद्दपार केलं, हे विसरू नका.

पण हेही खरं की आता फक्त दर मोजत बसण्यात जीव राहिला नाही. दरात डाव्या आणि उजव्या हाताच्या फोटॉनचे दोन वाटे मिळून येतात आणि एकमेकांना झाकू शकतात. उरलेली आशा गुणोत्तरांत, असममितींत, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फोटॉनच्या पोलरायझेशनमध्ये (प्रश्न १४). बेलने २०१७ मध्ये न्यूट्रल आणि भारित बी च्या दरांत आयसोस्पिन असममितीचा (अप आणि डाऊन क्वार्कमुळे पडणाऱ्या फरकाचा) ३.१ सिग्माचा, म्हणजे अनिश्चिततेच्या ३.१ पट, पुरावा दिला. सीपी असममिती (कण आणि प्रतिकण यांच्या वागण्यातला फरक) मात्र शून्याशीच जुळते, आणि स्टँडर्ड मॉडेलचं म्हणणंही तेच.

१४. फोटॉनचं पोलरायझेशन का आणि कसं मोजतात? कॅलोरीमीटरला तर ते कळत नाही.

डब्ल्यू बोसॉन फक्त डावखुऱ्या (स्पिन गतीच्या उलट दिशेला असलेल्या) क्वार्कशी बोलतो, म्हणून बॉटम टू स्ट्रेंजमधला फोटॉन जवळजवळ पूर्ण डावखुरा निघतो. उजव्या हाताचा वाटा स्ट्रेंज आणि बॉटमच्या वस्तुमानांच्या गुणोत्तराएवढा, दोन-एक टक्के. नव्या भौतिकीत असं बंधन असायचं कारण नाही, त्यामुळे उजवा फोटॉन ठळक दिसला तर ती सरळ बातमी.

कॅलोरीमीटर फक्त एनर्जी सांगतो हे बरोबर, म्हणून आडवाटेनं जावं लागतं. १९९७ साली ॲटवुड, ग्रोनाउ आणि सोनी यांनी सुचवलेली वाट: बी झीरो टू के-शॉर्ट (अल्पायुषी न्यूट्रल के) पाय झीरो गॅमा. बी आणि अँटीबी एकमेकांत बदलत राहतात, पण दोघांचे फोटॉन उलट हाताचे, म्हणून दोन वाटांमध्ये इंटरफिअरन्स होत नाही आणि काळाबरोबर बदलणारी सीपी असममिती काही टक्क्यांवरच राहते. ती मोठी दिसली तर उजवा फोटॉन आहे. आजवरच्या मोजमापांची अनिश्चितता ०.२ च्या आसपास, म्हणजे अजून फार जागा आहे.

यात काळ मोजायला बी कुठं तुटला ते कळायला हवं, आणि इथं तिथून निघालेला एकही भारित ट्रॅक नाही! के-शॉर्ट काही सेंटिमीटर जाऊन दोन पायऑनमध्ये तुटतो, ते दोन ट्रॅक मागे ओढून, बीमच्या जागेशी जुळवून बी ची जागा काढतात. म्हणजे के-शॉर्ट सिलिकॉनच्या आतच तुटला पाहिजे. बेलचं सिलिकॉन ९ सेंटिमीटरच्या आत संपायचं, बेल टूचं सुमारे १४ पर्यंत जातं, त्यामुळे जास्त के-शॉर्ट कामाला येतात. टीआयएफआरच्या चौथ्या थराचं मोल इथं कळतं.

दुसरी वाट एलएचसीबीने २०१४ मध्ये घेतली: बी प्लस टू के पाय पाय गॅमा, जवळपास १४ हजार घटना. तीन हॅड्रॉन (क्वार्कचे बनलेले कण) असले की त्यांचं एक प्रतल ठरतं, आणि फोटॉन त्या प्रतलाच्या वर जातो की खाली हे पोलरायझेशनवर अवलंबून. त्यांना ५.२ सिग्माने शून्याहून वेगळं पोलरायझेशन दिसलं. मात्र के पाय पाय मध्ये बरेच रेझोनन्स (मधले क्षणभंगुर कण) मिसळलेले असल्यामुळे त्यातून पोलरायझेशनचा आकडा काढता आला नाही. तिसरी वाट प्रश्न १९ मध्ये.

१५. बी टू रो गॅमा हे के-स्टार गॅमासारखंच ना? मग वेगळं काय?

इथं बॉटमचा डाऊन होतो, स्ट्रेंज नाही. दर दहा लाखात साधारण एक, म्हणजे के-स्टार गॅमाच्या चाळीसाव्या भागाएवढा. बेलने २००५ मध्ये हा प्रकार पहिल्यांदा दाखवला. दोन्हींचं गुणोत्तर घेतलं की फॉर्म फॅक्टरची अनिश्चितता बरीच कटते आणि व्हीटीडी भागिले व्हीटीएस (टॉपच्या डाऊनशी आणि स्ट्रेंजशी असलेल्या जोडणीचे आकडे) मिळतं, सुमारे ०.२. अडचण उघड आहे: के-स्टारमधला के चुकून पाय समजला गेला की ती घटना रो सारखी दिसते, आणि के-स्टार चाळीस पट जास्त. त्यामुळे के आणि पाय वेगळे ओळखणारं चेरेनकोव्ह यंत्र चोख नसेल तर या मोडच्या वाटेला जाऊ नये.

१६. एलएचसीबीमध्ये बी कितीतरी जास्त बनतात. मग बेल टूची गरज काय?

ज्यात फोटॉन, पाय झीरो, के-शॉर्ट एकत्र आहेत तिथं बेल टू. इन्क्लुझिव तर एलएचसीबीला जमण्यासारखंच नाही, कारण सुरुवातीच्या बी ची एनर्जी माहीत नसते आणि एम-बीसी, डेल्टा-ई वापरता येत नाहीत. शिवाय तिथले फोटॉन फार तगडे: ५० जीईव्हीच्या पाय झीरोचे दोन शॉवर साडेबारा मीटरवरच्या कॅलोरीमीटरवर जेमतेम सात सेंटिमीटर लांब पडतात, बाहेरच्या भागात सेलच १२ सेंटिमीटरचा, म्हणजे दोन मिळून एकच दिसतात. प्रश्न ९ मध्ये जी अडचण नव्हती ती इथं सगळ्यात मोठी. बी च्या वस्तुमानाची रेझोल्यूशन ९० एमईव्हीच्या घरात जाते.

पण बी-एस (बॉटम आणि स्ट्रेंजचा मेझॉन) टू फाय गॅमाच्या काळानुसार अभ्यासाला, आणि बेरिऑनला (तीन क्वार्कच्या कणांना), एलएचसीबीच. लॅम्डा-बी टू लॅम्डा गॅमा त्यांनी २०१९ मध्ये पहिल्यांदा दाखवला. आता हार्डवेअर ट्रिगर (घटना निवडणारं इलेक्ट्रॉनिक्स) काढून सगळं सॉफ्टवेअरने निवडतात, त्याचा फायदा रेडिएटिव्हला चांगला होईल.

१७. डी-स्टार झीरो ३५ टक्के वेळा डी झीरो आणि फोटॉनमध्ये तुटतो. मग रेडिएटिव्ह डिके दुर्मिळ कसे?

हा वेगळा प्रकार आहे. डी-स्टार हा डी चाच जास्त जड भाऊ, त्यात क्वार्कचा प्रकार बदलत नाही, फक्त एका क्वार्कचं स्पिन उलटं होतं, आणि हे साधं विद्युतचुंबकीय काम. डी-स्टार आणि डी मधला फरक १४२ एमईव्ही, पाय झीरो १३५ चा, म्हणजे पाय ला जेमतेम जागा, म्हणून फोटॉनला मोठा वाटा मिळतो. बी-स्टारमध्ये फरक फक्त ४५ एमईव्ही, पाय ला जागाच नाही, म्हणून तो फोटॉन सोडूनच बी होतो. डी-एस-स्टारचा (चार्म आणि स्ट्रेंजवाल्याचा) फरक १४४, तरी ९३ टक्क्यांहून जास्त वेळा फोटॉनच, कारण तिथं पाय झीरो सोडणं आयसोस्पिनच्या नियमाविरुद्ध जातं.

चार्मोनियम, बॉटमोनियममधले (चार्म-अँटीचार्म, बॉटम-अँटीबॉटमच्या जोड्यांमधले) फोटॉनही याच घरातले. बाबारने २००८ मध्ये ईटा-बी (सगळ्यात हलका बॉटमोनियम) असाच शोधला, अप्सिलॉन थ्री एसमधून सुटलेल्या फोटॉनच्या स्पेक्ट्रममधला छोटा उंचवटा पकडून.

डी मेझॉनच्या दुर्मिळ डिकेबद्दलही विचारतात. डी झीरो टू फाय गॅमा, रो गॅमा दोन्ही बेलने पाहिलेत, पण तिथं चक्करमधून येणारा वाटा अगदी नगण्य आणि बहुतेक सगळं लाँग डिस्टन्स हॅड्रॉनिक (क्वार्कच्या बांधणीतून, मोठ्या अंतरावर होणाऱ्या) परिणामांतून येतं. म्हणून दर मोजून नवीन भौतिकी शोधणं तिथं अवघड, सीपी असममिती बघावी.

१८. अंतिम अवस्थेत फोटॉन दिसला तर तो रेडिएटिव्ह डिके धरायचा का?

नाही. बी टू के ईटा-प्राइम घ्या, त्यात ईटा-प्राइम पुढे रो आणि फोटॉनमध्ये तुटतो. फोटॉन खरा आहे, पण बॉटम क्वार्कने तो सोडलेला नाही. के पाय पाय गॅमा शोधताना हीच घटना वस्तुमानात बरोब्बर सिग्नलच्या जागी येऊन बसते, म्हणून ईटा-प्राइमचा पट्टा कापून टाकावा. तसंच कुठलाही भारित कण बाहेर पडताना थोडा फोटॉन सोडतो, त्याला फायनल स्टेट रेडिएशन म्हणतात. तो सहसा मऊ असतो, सिम्युलेशनमध्ये फोटोस नावाचा प्रोग्रॅम तो घालतो.

मधला एक प्रकार आहे, बी टू लेप्टॉन न्यूट्रिनो गॅमा. फोटॉन नसताना हा डिके हेलिसिटीमुळे इलेक्ट्रॉनसाठी जवळजवळ बंद असतो, फोटॉन आला की बंधन सुटतं. तिथं फोटॉन बी च्या आतल्या हलक्या क्वार्ककडून येतो, म्हणून त्यावरून बी ची आतली रचना कळते. हा रेडिएटिव्हच, पण पेंग्विन नाही. अजून तो सापडलेला नाही, फक्त वरची मर्यादा आहे.

१९. फोटॉनऐवजी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी आली तर?

तीन शक्यता, आणि तिन्ही वेगळ्या ठेवायच्या. पहिली, खरा फोटॉन डिटेक्टरच्या पत्र्यात जाऊन जोडी झाला. हा रेडिएटिव्ह डिकेच, फक्त फोटॉन ट्रॅकमधून दिसला, आणि त्याची दिशा कॅलोरीमीटरपेक्षा चांगली कळते. दुसरी, के-स्टारबरोबरच्या पाय झीरोने फोटॉन आणि जोडी दिली, हे बॅकग्राउंड. तिसरी, फोटॉन व्हर्च्युअल होता आणि बी च्या जागीच जोडी झाला.

ही तिसरी सोन्यासारखी आहे, कारण जोडीचं प्रतल आणि के-पाय चं प्रतल यांच्यातला कोन फोटॉनचं पोलरायझेशन सांगतो, अगदी त्याच कामासाठी जे प्रश्न १४ मध्ये आडवाटेनं करावं लागलं. जोडीचं वस्तुमान जितकं शून्याजवळ तितकी ती खऱ्या फोटॉनसारखी. एलएचसीबीने २०२० मध्ये बी झीरो टू के-स्टार ई ई मध्ये हे केलं आणि पोलरायझेशनवरची जगातली सगळ्यात कडक मर्यादा तिथून आली, स्टँडर्ड मॉडेलशी जुळणारी. पहिली आणि तिसरी शक्यता वेगळी करायची तर जोडी नेमकी कुठं जन्मली ते बघावं लागतं, आणि वस्तुमान फारच कमी असलं की दोन ट्रॅक इतके जवळ असतात की जन्माची जागा नीट ठरत नाही. म्हणून त्यांनी अगदी तळाचा भाग सोडून दिला, जिथं सिग्नल खरं तर सगळ्यात दाट होता.